बंद पंख्याखाली

"जरा पंखा बंद करा," डॉक्टर म्हणाले. मी उठून बटण दाबलं. पाती पूर्ण थांबल्यावर त्यांनी माझ्या बायकोला, सुमनला, डाव्या कुशीवर वळवलं आणि स्टेथोस्कोप टेकवला. "श्वास सोडा. आता रोखून धरा."

एकाच जागी इतका वेळ कान लावून बसलेला माणूस बघवत नाही.

"लहानपणी सांधे सुजायचे का?"

"हो. आई मिठाच्या पुरचुंडीने शेकायची."

बावीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं.

"ठोक्यांच्या मध्ये घरघर येतेय. त्या सांध्यांच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झाली असावी. एको करून बघू."

याच छातीवर डोकं ठेवून मी कितीदा निवांत झोपलोय. जिन्यात ती दुसऱ्या मजल्यावर थांबली, की मी वरून ओरडायचो, "वजन कमी कर जरा!" ती नुसती हसून हात हलवायची. बोलायला दम उरलेला नसायचा.

डॉक्टरांनी पुन्हा ऐकलं, पुन्हा श्वास रोखायला लावला. मग कानातून नळ्या काढून माझ्याकडे बघितलं.

"अहो, त्यांनी केव्हाच सोडला. तुम्हीही सोडा आता."