हात बांधून जगवलेली आत्या

माझ्या प्रमिलाआत्यावर अन्याय झाला. कधी, तेही सांगते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाकातली नळी उपसून काढते म्हणून दवाखान्यात तिची दोन्ही मनगटं पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधली, तेव्हा. ती तशीच महिनोन्महिने जगली. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, "मुलानं सगळं केलं हो." केलंच. तिनं जे जे नको म्हटलं होतं, ते सगळं केलं.

नको म्हणायला तिला कारण होतं. सासूचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं होतं. म्हातारीची आधी ओळख गेली, मग गिळणं गेलं, आणि नळीवर ती किती लांबली हे आत्यानं उशाशी बसून पाहिलं. तेव्हापासून आत्या म्हणायला बघायची, "माझं असं झालं तर..." आणि विलासदादा, तिचा एकुलता एक मुलगा, तिथंच अडवायचा. "आई, घरात असलं वंगाळ बोलू नको. वास्तू तथास्तु म्हणती." आत्या म्हणायची, "रोज नळ येऊ दे म्हणते, ते बरं ऐकू येत नाय तिला."

वर्षं दुष्काळाची होती. चिकलठाण्याकडच्या आमच्या वस्तीत नळ पोचलाच नव्हता. टँकर यायचा, तोही मनात येईल तेव्हा. मी कॉलेजात होते, पाण्यासाठी पत्रकं वाटायचे, आणि दारापुढच्या निळ्या ड्रमपाशी सगळ्या बायकांबरोबर ताटकळायचे. घरात जे बोलू दिलं नाही ते आत्यानं तिथं बोलून घेतलं. "हितं डोक्यावर छप्पर नाय, हितं बोलते. मला कळेनासं झालं की तोंडानं भरवा, जाईल तेवढं. तोंड फिरवलं तर चमचा खाली ठेवा. नळी नको. आणि कोंडू नका मला." शेजारच्या जुबेदाबी म्हणाल्या, "इत्ता लंबा नक्को सोचो आपा, पैले ड्रम भरो." बायका हसल्या. आत्याही हसली, आणि पुढच्या टँकरला पुन्हा तेच बोलली.

मग शहर वाढलं. दादाला वाळूजच्या कंपनीत बढती मिळाली आणि त्यानं बीड बायपासजवळ सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथं नळाला पाणी होतं. तोवर आत्या विसरायला लागली होती. एकदा लिफ्टनं खाली उतरून ती हरवली, तेव्हापासून जाळीच्या दाराला कुलूप लागलं. मी जायचे तेव्हा ती रिकामी बादली घेऊन त्या दाराशी उभी असायची. जाळी हलवत म्हणायची, "उघड की गं, नंबर जाईल माझा." मी दादाला म्हटलं, दुपारी कुणीतरी तिला खाली फिरवून आणा. तो म्हणाला, "शिफ्ट सोडून मी काय करू, सांग." त्याचंही खोटं नव्हतं...

खाणं सुटलं, तसं तिला दवाखान्यात नेलं. नळी घातली, हात बांधले. जुबेदाबी रिक्षानं भेटायला आल्या, मनगटं पाहून दादाला म्हणाल्या, "बेटा, नळी नक्को बोल्ती थी ये. पूरी गल्ली को मालूम है." मीही तेच सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "त्यांनी लिहून ठेवलंय का कुठं?" नव्हतं. दादा म्हणाला, "माझ्याशी कधी बोलली नाही ती. आईला उपाशी मारू का मी? लोक काय म्हणतील?"

बोलली नाही? किती वेळा तोंड उघडलं होतं तिनं. दर वेळी यानं "माझं असं झालं तर"च्या पुढं जाऊ दिलं नाही. म्हणून ठरवायची वेळ आली तेव्हा साऱ्या गल्लीला तिचं म्हणणं माहीत होतं, आणि सही करणाऱ्या पोराकडं तिचा एक शब्द नव्हता. ती पट्टीत अडकली, तो त्या सहीत. सुटली फक्त ती, तीही मरून.

दादाला दोष देऊन तुम्ही मोकळे होऊ नका. तुमच्याही घरात हेच चाललंय. पेपर खाली ठेवा आणि आईसमोर, वडिलांसमोर जाऊन बसा. सगळं विसरायला झालं तर काय करायचं, काय नाही, हे त्यांना आठवतंय तोवर विचारा. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, दोन साक्षीदारांसमोर त्यांची सही घ्या, नोटरी करा, डॉक्टरांना प्रत द्या. आणि ते बोलायला लागतील तेव्हा तुम्ही गप्प बसा.