चासीतलं सागवान

गाडी घरच्या अंगणातच दुरुस्त होईल आणि वेल्डर मी निवडीन, असं मी सांगितलं तेव्हा घरात कुणी हसलंसुद्धा नाही. हसण्याइतकंही ते त्यांना खरं वाटलं नव्हतं.

गाडी सासऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घेतलेली, अमेरिकन बांधणीची. यजमान ती चालवायचे. त्यांनीच मला तलावाच्या पाळीवरच्या रस्त्यावर चालवायला शिकवलं. मग आमच्या धानाच्या गिरणीत पट्ट्यात अडकून त्यांचा उजवा पाय निकामी झाला. बैलगाडीच्या हादऱ्यांनी त्यांना ठणका लागायचा आणि सर्व्हिस मोटारीची पायरी चढवत नसे. गाडी होती म्हणून ते चांद्याला जायचे, बाजार बघायचे, चार माणसांत बसायचे. स्टिअरिंगवर मी आणि शेजारी ते. पावसाळ्यात गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तडकली आणि ते ओसरीवरच्या खाटेला खिळले. गाडी गेली असती तर ते परत घराबाहेर पडले नसते, इतकी साधी गोष्ट होती. भासऱ्यांनी मात्र दसऱ्यानंतर नागपूरचा भंगारवाला बोलावून ठेवला होता.

भासरे म्हणजे माझे थोरले दीर. घराचे कर्ते, लाकडाच्या डेपोचे मालक. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याला सांगायचं, तेही ते समोर उभे असताना. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे काम माझ्या जाऊबाईंकडे होतं. त्या आमच्या दोघांमधलं डाकघर होत्या, आणि वाटेत पत्रं फोडून बदलत असत. भासरे म्हणायचे, "तिले सांग, तिचं डोस्कं फिरलं हाय." जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "ते म्हणून राह्यले, जरा विचार कर." मी तीन हातांच्या अंतरावर उभी असायची. सगळं ऐकू यायचं.

मी कामाला लागले. वेल्डरसाठी माझ्या अटी ठरलेल्या होत्या. त्याने घरी यायचं, कारण तडकलेली गाडी हलवता येत नव्हती. त्याला चासीचं जाड लोखंड आणि मडगार्डचा पातळ पत्रा, दोन्ही जमलं पाहिजे. आणि माझ्यासमोर एक सांधा करून दाखवायचा, जो मी मोडून बघणार.

पहिला आला तो चांद्याच्या मोटार स्टँडवरचा, भासऱ्यांच्या ओळखीचा. तो गाडीखाली वाकला आणि खूश झाला. दोन वर्षांपूर्वी चासीला पहिली चीर गेली तेव्हा भासऱ्यांनी तिथे आतून सागवानाची तुळई बोल्टांनी आवळली होती. आमच्या मुलखात काहीही मोडलं की लोकांना आधी सागवान सुचतं. "काय बसवलं हाय!" तो म्हणाला. "हे असू द्या, बाहेरून पट्टी मारतो." मी त्याच्यापुढे पत्र्याचे दोन तुकडे ठेवले. जोडून दाखव म्हटलं.

"बाई, मी परीक्षा द्यायले नाई आलो."

"मंग चहा घ्या आणि जा," मी म्हटलं. त्याने चहा घेतला आणि गेला.

दुसरा घुग्घुसच्या कोळसा खाणीतला, सुट्टीच्या दिवशी आलेला. माणूस चांगला, पण त्याचं यंत्र विजेवरचं. "वीज कुठी हाय तुमच्या गावात?" त्याने विचारलं. गिरणी तेलाच्या इंजिनावर चालायची, घरी कंदील. "गाडी खाणीवर आणा," तो म्हणाला. गाडी तिथवर चालली असती तर त्याला बोलावलंच कशाला असतं?

तिसरा राजुऱ्याकडचा. कार्बाइडचा डबा आणि गॅसची नळकांडी छकड्यात घालून गावोगाव फिरायचा. सायकली, गिरण्यांच्या टाक्या, पाण्याचे पंप, सगळं गॅसच्या ज्योतीवर जोडायचा, वीज लागत नसे. आल्या आल्या त्याने छकड्याच्या बैलाला, रस्त्याला आणि आमच्या फाटकाला शिव्या दिल्या. मी तुकडे दिले. त्याने सांधा केला. मी तो शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून हातोडा मारला. सांधा तुटला.

ओसरीवरून यजमान म्हणाले, "वा मिस्त्री! आता घरच जोडा आमचं."

"तुकडे गंजके दिले बाईनं!" तो ओरडला. "घासल्याबिगर दिले. थांबा." त्याने कानस घेतली, कडा चकचकीत होईपर्यंत घासल्या आणि दुसरा सांधा केला. तो वाकला, पार दुमडला, पण तुटला नाही. मग तो गाडीखाली गेला आणि आतूनच बोंबलला, "हे लाकूड कोणत्या शहाण्यानं घातलं?"

शहाणे अंगणातच उभे होते.

"हे काढा. लाकूड असताना मी नळी पेटवणार नाई. घर जाळाचं हाय का? अन् याच्यामागं पाणी साचून लोखंड सडलं असंन, ते घासल्याबिगर सांधा धरणार नाई."

मी त्याला तिथेच पक्का केला.

भासरे जाऊबाईंना म्हणाले, "तिले सांग, ते सागवान माझ्या डेपोचं हाय, मी बसवलं हाय. त्याले हात लागला त गाडी आजच भंगारात फुकून टाकतो." जाऊबाई मला म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं, घाई नको." मी म्हटलं, "त्यांना सांगा, सागवान निघन." जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "ती म्हणते, तुमचं बरोबर हाय, पण..."

मिस्त्री आळीपाळीने तिघांकडे बघत होता. "हे दोघं समोरासमोर हायेत, त मधी ह्या बाई काऊन बोलून राह्यल्या?"

मी पदर खोचला, पाना घेतला आणि गाडीखाली शिरले. बोल्ट गंजले होते. रॉकेल ओतून थांबले, मग जोर लावला. पहिला बोल्ट करकरला.

"थांबव तिले!" भासरे म्हणाले.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "माझं दूध चुलीवर हाय," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्या वेळी घरात कुणी दूध तापवत नसे.

आता मध्ये कुणी नव्हतं. मी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. तोंडावर गंज पडलेला, हात काळे.

"भाऊजी," मी म्हटलं, "सागवान तुमचं चांगलं हाय. पण गाडीत त्याचं काम नाई. मी काढून राह्यली."

यजमान खाटेवर उठून बसले. मोठ्या भावापुढे ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाहीत, पण त्यांनी ओसरीच्या कडेला पडलेला दुसरा पाना कुबडीच्या टोकाने माझ्याकडे ढकलला.

भासरे पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. "अन् मोडली त?"

"मोडली त भंगारवाल्याले मीच हाक मारीन."

ते तरातरा डेपोवर निघून गेले.

सागवान निघालं. त्याच्यामागे चासीचे पापुद्रे सुटत होते आणि चीर आम्हाला वाटली होती त्याच्या दुप्पट लांब होती. मिस्त्रीने सडलेला भाग कापला, घासला, नवी जाड पट्टी आतून-बाहेरून बसवली. शिव्या देत देत केलं, पण घासण्यात कसर केली नाही. मी मात्र प्रत्येक सांधा पाहून घेतला आणि दोन परत करायला लावले. त्याने त्याबद्दल मलाही शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या आणि सांधे करून घेतले.

चासी वाकत होती तेव्हा गाडीत वजन पडलं की दारं अडकायची. म्हणून मी मागे धानाची पोती भरली, यजमानांना पुढे बसवलं, रेल्वे फाटकापर्यंत खड्ड्यांतून नेली आणि आणली. परत आल्यावर चारही दारं उघडून लावून पाहिली. एकही अडकलं नाही. रस्त्यावर बघे जमले होते. काय बोलत होते ते मला माहीत होतं: सून मोटार हाकते, भासऱ्याशी तोंड वर करून बोलते. खरंच होतं, दोन्ही.

भंगारवाला आला तेव्हा मी फाटकातच उभी राहिले. "गाडी विकायची नाई," मी म्हटलं. त्याने माझ्यामागे उभ्या असलेल्या भासऱ्यांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काऊन पाहून राह्यला?" ते खेकसले. "बोलते ना आता ती."

त्यात कौतुक नव्हतं, टोमणा होता. मी तो आहे तसा ठेवून घेतला. त्या दिवसापासून आम्ही थेट भांडू लागलो. त्यांना ते कधी आवडलं नाही आणि मी कधी थांबले नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी यजमानांना घेऊन मी चांद्याला निघाले. गाडी सुरू करते तोच मागचं दार उघडलं. जाऊबाई नवं लुगडं नेसून, कुणाला न विचारता, मागच्या सीटवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चाल."