देवळीच्या स्टुडिओतला पासवर्ड

देवळीच्या त्या फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटरच्या कामासाठी गेलो तेव्हा मालकाने साधं पाणीही विचारलं नाही. काउंटरखालच्या काळ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "माह्या साळ्याले यातून काढून टाका. आत्ताच."

डबा म्हणजे नेटवर्कवर जोडलेलं स्टोरेज. आत हार्ड डिस्का, आणि त्यांत तालुक्यातली कितीतरी लग्नं. मालक आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ मिळून शूटिंग करायचे. मग भांडण झालं. साळ्याने बस स्टँडपाशी स्वतःचं दुकान थाटलं, आणि तिथे बसून इंटरनेटवरून तो याच डब्यातले फोटो उघडत होता. मुख्य पासवर्डही त्यालाच ठाऊक. डबा त्यानेच बसवलेला.

सेटिंगचं नेहमीचं पान ब्राउझरमध्ये उघडेना. मागचं बारीक बटण पिनेने दाबून मी मुख्य पासवर्ड पुसला, लॅपटॉप वायरने जोडला आणि कमांड लाइनवर गेलो. काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाईप करायची. 'नक्की का?' असं तिथे कोणी विचारत नाही. मालक माझ्या मानेवर श्वास सोडत उभा. "किती वेळ लावून राह्यले?"

साळ्याचं खातं बंद झालं आणि थोड्याच वेळात तो दारात हजर.

"काऊन बंद केलं भाऊजी? अर्धे फोटो माहे हायेत!"

"तुहे? कॅमेरा कोनाचा होता?"

"अन् डोया कोनाचा होता?" त्याने स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं.

मालक माझ्याकडे वळला. "याचे सारे फोल्डर उडवा."

त्या कामाला एकच ओळ पुरली असती. मी कीबोर्डवरून हात काढले. "लोकांची लग्नं आहेत ती. मी नाही उडवणार."

"तुले काऊन एवढा पुळका?"

'तुमी'चं 'तू' झालं होतं. तेवढ्यात साळ्याने डब्याच्या वायरला हात घातला. मी त्याचं मनगट धरलं, जरा जास्तच जोरात. मलाही दोघांना हाणावंसं वाटत होतं.

आत अल्बम लावत बसलेली मालकाची बायको बाहेर आली. "दोघाईचंबी बंद करा, भाऊ. दुकान माह्या नावावर हाय. पासवर्ड मी टाकते."

"तुले काय समजते त्यातलं?" मालक हसला.

ती खुर्ची ओढून बसली आणि एकेक बटण शोधत टाईप करू लागली. नवरा आणि भाऊ दोघेही वाकून पडद्याकडे पाहत होते; पण कमांड लाइनवर पासवर्ड टाकताना तिथे टिंबसुद्धा उमटत नाही.

साळा शिव्या देत गेला. मालकाने माझी बॅग उचलून बाहेर ओट्यावर आपटली. "पुन्हा इकडं येजो नोको."

पुढे तो गावभर सांगत फिरला की मी डबा बिघडवला. साळा सांगत फिरला की मी मालकाचा माणूस. देवळीतली बरीच कामं माझ्या हातून गेली. मालकाची बायको मात्र अधूनमधून फोन करते, एखाद्या कमांडचं स्पेलिंग विचारायला. मागे नवरा ओरडत असतो.