गॅलरीत राहिलेला कागद

मुलीचं लग्न होऊन ती इंदूरला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी तिने मला फोन आणून दिला. म्हणाली, "आई, हा फक्त तुझा." मी तो हातात घेऊन नुसती बसले. घरात फक्त माझं असं काही नव्हतं. कपाट दोघांचं, ट्रंक सासूबाईंची, देवघर सगळ्यांचं. तिने फोनला आकड्यांचं कुलूप लावून दिलं आणि ते आकडे माझ्या कानात सांगितले.

ते कुलूप आठ दिवससुद्धा टिकलं नाही. ग्वाल्हेरच्या या घरात आम्ही खाली राहतो, थोरले दीर आणि जाऊबाई वर. एकदा जाऊबाईंना माझ्या फोनवरून त्यांच्या भावाला फोन लावायचा होता. फोन उघडेना, तेव्हा त्या हसल्या. "अगं बाई, घरातल्या घरात कुलूप? आम्ही काय चोर आहोत?" हे जेवत होते, तेही हसले. "हिच्याकडे कोणता खजिना आहे, पूछो जरा." मला इतकी लाज वाटली की त्याच दुपारी मी कुलूप काढून टाकलं. आमच्या घरात दिवसा कोणी कडी लावत नाही. कडी लावली की आत काहीतरी चाललं आहे असं समजतात. फोनचंही तसंच असेल असं मला वाटलं.

मुलगी इंदूरला एका शाळेत शिकवते. शाळा सुटली की अडीचच्या सुमाराला ती घरी पोहोचायची आणि मला बोलून मेसेज पाठवायची. लिहिलेलं मला वाचायला वेळ लागतो, आणि ती लिहायची इंग्रजी अक्षरांत मराठी. चौथीपर्यंतच्या शाळेत मला ते कुठून येणार. म्हणून ती बोलायची. कधी दोन मिनिटं, कधी सात मिनिटं. शाळेतल्या बाईंनी काय टोमणा मारला, भाजीत मीठ जास्त झालं, विहीणबाई काय म्हणाल्या, जावई काय म्हणाले. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकायची. मला समोर माणूस असलं की बोलता येत नाही, शब्द घशात राहतात. पण त्या फोनशी मी बोलायची. तिने विचारलेल्या एकेका गोष्टीचं उत्तर द्यायची. लग्नाआधी आम्ही दोघी इतकं कधी बोललो नव्हतो. ती लांब गेली आणि माझ्या जवळ आली, असं ते चार वर्षं चाललं.

चौथ्या वर्षी लोक विचारायला लागले. मुलीला दिवस का नाहीत, हा प्रश्न आपल्याकडे कोणीही विचारू शकतं. भाजी घेताना, देवळाच्या पायरीवर, कुठेही. मला विचारलं की मी मान खाली घालायची. तिला काय विचारत असतील ते ती मला अडीच वाजता सांगायची.

चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू होतं. त्याच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला. आवाज बसलेला होता. "आई, रिपोर्ट आला. दोष त्यांच्यात निघाला. डॉक्टर म्हणाले इलाज आहे, पण वेळ लागेल. ते कालपासून जेवले नाहीयेत. मी तुला कागदाचा फोटो पाठवते, बघ आणि लगेच पुसून टाक. बाबांनाही सांगू नकोस. कोणालाच नाही. मला कोणाला तरी सांगायचं होतं गं."

मी कागद पाहिला. इंग्रजीतच होता. मला एवढंच कळलं की वरती जावयाचं नाव आहे आणि मधे एका आकड्याखाली जाड रेघ आहे. मी तिला म्हटलं, "तू रडू नकोस. त्यांना गरम गरम मऊ भात दे. मी कोणालाही सांगणार नाही." मग फोटोवर बोट दाबून धरलं, जसं तिने शिकवलं होतं तसं. पुसायचं का, असं विचारलं. खाली एक बारीक ओळ होती आणि एक चौकोन. मी घाईत होते, कुठेतरी बोट टेकलं, कुठेतरी नाही. फोटो दिसेनासा झाला. मी फोन पदराने पुसला आणि हरभरे भिजत घालायला गेले.

आमच्या बायकांचं मंडळ आहे. लष्कर भागातल्या आणि आता सिटी सेंटरकडे राहायला गेलेल्या मराठी घरातल्या चाळीसेक बायका. चैत्रात ज्या घरी हळदीकुंकू असेल त्या घरच्या गौरीचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे, म्हणजे ज्यांना उन्हामुळे येता येत नाही त्यांनाही आरास दिसते. आणि फोटो घरच्या बाईच्याच फोनवरून गेले पाहिजेत, तिच्या नावाने. मी ग्रुपवर आजपर्यंत एक अक्षर टाकलेलं नव्हतं. चाळीस जणी बघतील या विचारानेच मला घाम फुटायचा.

त्या दिवशी गौर सुंदर झाली होती. कलिंगडाची कमळं कापली होती, चकल्यांची कमान केली होती. जाऊबाईंनी माझ्याच फोनने फोटो काढले. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हीच टाका ना."

"नवरीसारखी लाजतेस अजून," त्या म्हणाल्या. "दे इकडे." आणि त्यांनी वरचे सगळे फोटो भराभर निवडले आणि पाठवून दिले. मी समोरच उभी होते. आंब्याची डाळ वाटीत काढत होते. मी बघितलं नाही.

बायका यायला लागल्या. दहा बारा जणी बसल्या होत्या. त्यांच्यात आमच्या जावयाची आत्याही होती. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं, त्या इथेच पडाव भागात राहतात. त्यांच्या हातात डाळीची वाटी आणि पन्ह्याचा पेला मीच दिला.

एक जण फोन बघत म्हणाली, "आरास काय मस्त दिसते आहे फोटोत. आणि हा शेवटचा कागद कसला गं?"

जाऊबाई हसून म्हणाल्या, "लाइटचं बिल गेलं की काय! बघा, कोणी भरून टाकत असेल तर."

सगळ्या हसल्या. मीही हसले. ते आठवलं की अजून माझे कान तापतात. मीही हसले होते.

दुसरी एक, शिकलेली, बँकेत होती पूर्वी, तिने चष्मा लावला. "बिल नाही हे. लॅबचा रिपोर्ट आहे." आणि तिने जावयाचं नाव मोठ्याने वाचलं. पुढचं वाचताना तिचा आवाज आपोआप बारीक होत गेला आणि मग थांबला. पण तोपर्यंत सगळ्या जणींनी आपापले फोन काढले होते.

मी जाऊबाईंकडे धावले. "वहिनी, पुसा, लवकर पुसा." त्यांनी दाबलं काहीतरी आणि म्हणाल्या, "गेला बघ, गेला." आमच्या फोनमधून गेला होता. त्यांनी 'माझ्यासाठी' वर बोट ठेवलं होतं, 'सर्वांसाठी' वर नाही. बाकी चाळीस फोनमध्ये तो तसाच राहिला, आणि आता आम्हाला तो परत पुसताही येईना.

आत्यांनी डाळीची वाटी खाली ठेवली. एकच घास खाल्लेला होता. त्या उठल्या. मी हळदीकुंकवाचा करंडा आणि ओटीचे हरभरे घेऊन दारापर्यंत मागे गेले. त्यांनी कपाळ पुढे केलं नाही, पदरही पसरला नाही. चैत्रात आपल्या दारातून सवाष्ण ओटी न घेता गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. त्या एवढंच म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्या मुलाचं असं प्रदर्शन मांडायला नको होतं."

मी मुद्दाम केलं नाही, एवढे चार शब्दसुद्धा मला म्हणता आले नाहीत.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला मुलीचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, मी पुसायला सांगितलं होतं ना?"

"पुसलं होतं गं. देवाशपथ पुसलं होतं."

"गॅलरीतून?"

गॅलरी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आलेला फोटो आपोआप दुसरीकडेही जाऊन बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"ते खोलीत बसलेत. काही बोलत नाहीयेत. फक्त एक विचारलं मला. की आईला पाठवण्याआधी तू मला विचारलं होतंस का?" मग तीच म्हणाली, "मी नव्हतं विचारलं, आई. चूक माझी आहे. तुझी काही चूक नाही."

तुझी काही चूक नाही, हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. परक्या बाईशी आपण नीट बोलतो ना, तसा होता. मला जावयांशी बोलायचं होतं. माफी मागायची होती. मी किती वेळा फोनमध्ये बोलले आणि पाठवण्याआधी पुसलं. त्यांच्याशी मी जन्मात 'जेवलात का' याच्यापुढे बोललेली नाही. शेवटी ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजले. मी ओट्याशी उभी राहिले. मेसेज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी सुप्रभातचं एक फूल आलं, असं फूल ती सगळ्यांनाच पाठवते.

श्रावणात ती दोन दिवस आली. मला वाटलं, समोर बसली की बोलेल. मी तिच्या आवडीच्या सुरळीच्या वड्या केल्या. दुपारी जाऊबाई वर झोपल्या होत्या, तेव्हा ती माझ्याजवळ चटईवर बसली आणि म्हणाली, "आई, तुझा फोन दे. आज सगळं शिकवते."

तिने शाळेतल्या मुलांना शिकवावं तसं शिकवलं. नवीन कुलूप लावलं, आकडे मीच ठरवायला लावले आणि स्वतः तोंड फिरवून बसली. आलेले फोटो गॅलरीत जाणारच नाहीत असं करून दिलं. पुसताना तो चौकोन कसा बघायचा, सर्वांसाठी पुसायचं कुठे आणि माझ्यासाठी पुसायचं कुठे. कोणी फोन मागितला तर काय म्हणायचं तेसुद्धा. "सांग, काय म्हणशील?"

"म्हणेन, थांबा, मीच लावून देते नंबर."

"शाबास. आणि वरची बडी काकी हसली तर?"

"हसू दे."

तेव्हा ती जरा हसली. मला वाटलं, आता. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "घरी कसं आहे गं? त्यांचं औषध?"

तिने माझा फोन माझ्या मांडीवर ठेवला. "सगळं ठीक आहे, आई." आणि वड्या फार छान झाल्यात म्हणाली. तिचा स्वतःचा फोन ती आली तेव्हापासून पालथा ठेवलेला होता. दोन दिवसांत तो एकदाही माझ्यासमोर सुलटा झाला नाही.

मार्गशीर्षात मी बेसन आणायला दाल बाजारात गेले होते. तिथे आत्या भेटल्या. चैत्रानंतर पहिल्यांदाच. मी बाजूला होणार होते, पण त्यांनीच हाक मारली. "विहीणबाई, मुलीला आराम पडला का आता?"

"कसला आराम?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हाला सांगितलं नाही तिने?" मग मला हाताला धरून दुकानाच्या पायरीवर बाजूला घेतलं. इलाजाने दिवस राहिले होते. तिसरा महिना लागला आणि गेलं. दोन दिवस दवाखान्यात होती. पंधरा दिवस झाले होते त्याला. तिच्या सासूबाई तिच्याजवळ होत्या.

"जीवाला धोका नाही आता," आत्या म्हणाल्या. "पण मी सांगितलं म्हणू नका हं."

मी मान हलवली. पंधरा दिवसांपूर्वी काय होतं ते मी आठवायला लागले. त्या दिवशी तिने पडद्यांचा फोटो पाठवला होता, निळे घेऊ की पिवळे असं विचारायला. मी पिवळे म्हटलं होतं. ती दवाखान्यातून विचारत असेल का? मला कळू नये म्हणून? बेसन घ्यायचं राहिलं. परत दुकानात गेले आणि डिंक, खारीक, खोबरं घेतलं.

दोन दिवस लाडू वळत होते. आत जे काही होतं ते सारखं तोंडाशी येत होतं. फोन लावावा आणि म्हणावं, मला का नाही सांगितलंस, मी येऊन तुझ्या उशाशी बसले असते, कोणाला एक शब्द बोलले नसते. पण माझ्या या बोलण्यावर तिने कशाच्या जोरावर विश्वास ठेवावा? आणि मी असं म्हटलं तर तिला आत्यांचा राग येईल, त्यांनी सांगितलं म्हणून. मग तिच्याबद्दल मला कळण्याची ही एक फटही बुजेल आणि तिचं अजून एक माणूस तुटेल. जाऊबाईंनी विचारलं, "डिंकाचे लाडू कोणासाठी?" मी म्हटलं, थंडी आहे, मुलीला पाठवते. ह्यांनाही तेवढंच सांगितलं. इंदूरला जाणारं ओळखीचं एक कुटुंब होतं, त्यांच्याबरोबर डबा दिला.

डबा पोहोचला त्या दुपारी तिचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

"आई, लाडू मिळाले. एकदम डिंकाचे का केलेस?"

"थंडी पडली आहे ना. ग्वाल्हेरला तर धुकं सुरू झालं."

फोन चालू होता, तिच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. तिला कळलं असेल का की मला कळलं आहे, ते मला सांगता येणार नाही. मी ओट्याची कड घट्ट धरून उभी होते.

"दोन खाल्ले," ती शेवटी म्हणाली.

"रोज खा एक. दुधाबरोबर."

"हो. ठेवू आता?"

"ठेव," मी म्हटलं.