अक्कानं घेतलेली माझी परीक्षा

बाळांनो, परवा तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, नवा नंबर घेतलास का?" मी घेतलेला नाही. माझ्या नावानं फिरणारा तो खोटा मेसेज आता तुमच्यापर्यंतही पोहोचला, म्हणून हे लिहून ठेवते. मला स्वतःला ते अजून नीट उमगलेलं नाही.

इस्लामपूरच्या अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, तो आधी आला होता. वर माझा फोटो, माझं नाव. 'अक्का, नंबर बदललाय. माझे सहा आकडे चुकून तुझ्या फोनवर आलेत, पाठव.' तिनं पाठवले. ते आकडे म्हणजे तिच्याच मेसेजच्या खात्याची किल्ली होती. खातं तिच्या हातून गेलं आणि तिच्या नावानं कोणीतरी भावकीत पैसे मागू लागलं.

मी तिला अक्का म्हणते, हे त्याला कसं कळलं? तिच्या वाढदिवसाला मी आम्हा दोघींचा फोटो इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा टाकला होता, खाली 'माझी अक्का' लिहून. तिथूनच असावं. खात्री नाही.

हे कानावर येताच मी साताऱ्याहून तिला फोन केला.

"अक्का, मी बोलतेय."

"कशावरनं? आवाजबी चोरत्यात म्हणं. सांग, माझ्या लग्नात आईचं लुगडं कसलं हुतं?"

"हिरवं."

"जांभळं. ठेव फोन, चोरटे."

तिनं फोन ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. घरात ती एकटी असते. मला तर ते लुगडं आजही हिरवंच दिसतं. मग चुकलं कोण? सकाळची एसटी धरली.

दारात तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच हायेस व्हय. ये आत. पर जांभळंच हुतं."

आम्ही पोलिसांत तक्रार दिली, नातलगांना फोन करून सावध केलं. खातं परत मिळाल्यावर त्याला पिन लावला. अक्का तो लगेच मला सांगायला लागली.

"मलाही सांगू नकोस," मी म्हणाले.

"तुला पण न्हाई? मग तुझ्यात न् त्या चोरात फरक काय?"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. तुम्हीही मला तुमचे आकडे सांगू नका, मी मागितले तरी.

खात्यातले जुने मेसेज गेले. अक्का माझा फोन मात्र आता पुन्हा उचलते.