अळीवाल्या बाईंची शेवटची बरणी

वर्धा जिल्ह्यात रोहण्याच्या अलीकडे नाला ओलांडला की जे गाव लागतं, तिथे मीराबाईंचं घर विचारलं तर लोक जरा विचारात पडतात. अळीवाल्या बाई म्हटलं, की मात्र शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडतं. एकतीस वर्षं अंगणवाडी सांभाळलेल्या बाईला हे असलं नाव पडलं, याचा त्यांना आधी राग यायचा. आता कुणी त्या नावाने हाक मारली नाही तर चुकल्यासारखं होतं.

निवृत्त होऊन त्यांना वर्ष होत आलं. दुपारची भांडी आवरली की मीराबाई अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात. झाडावर अळ्या अजूनही येतात, चांगल्या पोसतात. फक्त त्यांची नावं ठेवणारं आता कुणी नाही, आणि ही गोष्ट मीराबाईंना जितकी सलते तितकं त्या कुणाला बोलून दाखवत नाहीत.

अळी त्यांच्या आयुष्यात फार आधी आली. समुद्रपूरकडच्या एका खेड्यात त्यांचे वडील प्रेमदास दुसऱ्याच्या वावरात कपाशीवरच्या अळ्या वेचायचे, मजुरीने. वेचलेली अळी घासलेटच्या डब्यात टाकायची. मीरा सोबत जायची. सकाळी बुद्धविहारात जीव मारणार नाही असं म्हणायचं आणि दुपारी डबाभर जीव मारायचे, हे सात वर्षांच्या पोरीला काही पटेना. तिने एकदा विचारलंच. वडिलांनी हातातली अळी डब्यात टाकली. मग म्हणाले, "पोटासाठी मारतो, बाई. पण मजा नाई घेत."

लग्न होऊन मीराबाई या गावात आल्या, सेविका झाल्या, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांना मजा घेणारी मुलं दिसली. भिंतीवरच्या तक्त्यातल्या रंगीत फुलपाखराकडे बोट दाखवून सगळी एका सुरात ओरडायची. पण अंगणात अळी दिसली रे दिसली, की पायातली चप्पल हातात. कपाशीवाल्यांची मुलं ती, घरात अळी म्हणजे वैरीण. ही अळीच पुढे ते फुलपाखरू होते, असं मीराबाईंनी सांगितलं तेव्हा वर्ग खो खो हसला. बाई गंमत करून राह्यल्या, असं एकाने शेजारच्याला समजावूनही सांगितलं.

तोंडाची वाफ दवडण्यात अर्थ नव्हता. मीराबाईंनी किराणा दुकानातून बिस्किटांची रिकामी बरणी मागून आणली, तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि लिंबाच्या अळ्या फांदीसकट आत ठेवल्या. पक्ष्याची घाण वाटावी अशी ही अळी आठवड्याभरात पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यातून केशरी शिंग काढते. ते शिंग पाहायला मुलं शाळेला दांडी मारणाऱ्या मोठ्या भावांनाही ओढून आणायची. प्रत्येकाने एक अळी वाटून घ्यायची, नाव ठेवायचं, रोज ताजं पान द्यायचं, खालची घाण स्वतः काढायची. मग अळी खाणं सोडते, स्वतःला फांदीला बांधून घेते, आणि आठदहा दिवस नुसती वाट बघायची. चार वर्षांच्या मुलांना वाट बघायला लावणं ही काही सोपी गोष्ट नाही, पण मुलं बघायची. ज्याची चप्पल सगळ्यात आधी उठायची, तोच बरणीजवळून हलत नसे.

गावाला हे पचलं नाही. कपाशीवाले शेतकरी किसनराव तर भर अंगणवाडीत येऊन म्हणाले होते, "आम्ही वावरात अळ्या मारू मारू थकलो, अन् तुम्ही इथं पोसून राह्यल्या?" मीराबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि त्यांच्याच हाताने बरणीत कपाशीचं पान ठेवायला लावलं. अळी त्या पानावर चढली, कडेकडेने फिरली आणि सरळ लिंबाच्या पानावर जाऊन बसली. किसनराव तासभर बघत होते. कपाशीच्या पानाला एक दात लागला नाही. तक्रार मात्र त्यांनी पुन्हा केली नाही.

असे पावसाळ्यामागून पावसाळे गेले, पोरं शिकून गेली. आणि मागच्या वर्षी शेवटचा पावसाळा आला. पोळ्यानंतर आठ दिवसांनी निवृत्ती होती. मीराबाईंची इच्छा एवढीच, की या शेवटच्या बॅचने आपल्या डोळ्यांनी फुलपाखरू उडताना पाहावं. बरणीत सात अळ्या होत्या. बाहुली, सोनू, खारीक अशी नावं होती, आणि एकीचं नाव होतं ट्रॅक्टर. ती किसनरावांच्या नातीची, अपेक्षाची. चढावर अळी हळू चालते म्हणून ट्रॅक्टर, असा तिचा हिशेब.

एका संध्याकाळी घरी जाताना मीराबाईंच्या लक्षात आलं, की बरणीतली पानं संपत आलीत. पाऊस भरून आला होता, घरचं झाड लांब. वाटेतच किसनरावांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लिंबाचं झाड होतं. चार फांद्या तोडल्या, परत फिरून बरणीत ठेवल्या आणि निघून गेल्या.

सकाळी मदतनीस शकुबाईने दार उघडलं तेव्हा पाच अळ्या काळ्या पडून तळाशी पडल्या होत्या. दोन जुन्या फांदीवरच राहिल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. शकुबाईने एक पान नाकाशी धरलं. "बाई, याले फवारणीचा वास येते."

मीराबाईंनीही पान नाकाशी नेलं. कसलाच वास आला नाही. करोनात गेलेला वास परत आलाच नव्हता, आणि हे त्यांनी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. कपाशीच्या वावरात वाढलेली बाई, जिला शेजारच्या वावरात फवारणी झालेली घरबसल्या कळायची, तिने स्वतःच्या हाताने विष खाऊ घातलं होतं.

मुलं यायला अजून तासभर होता. शकुबाई बाईंच्या जिवाभावाची म्हणूनच बोलली, की घरच्या झाडावरून पाच दुसऱ्या आणू, पोट्ट्यांना काय कळतं. मीराबाई खरंच घरी गेल्या. ट्रॅक्टरएवढीच एक अळी त्यांना मिळाली. ती तळहातावर घेऊन त्या उभ्या राहिल्या. कुणालाही कळलं नसतं. पण आधी डोळ्यांनी पाहा आणि मग जे पाहिलं तेच सांगा, असं ज्यांनी एकतीस वर्षं मुलांना बजावलं, त्यांच्याने ती अळी बरणीत टाकवेना. त्यांनी ती परत पानावर ठेवली आणि रिकाम्या हाताने आल्या.

मुलं गोल बसली. मीराबाईंनी बरणी मध्ये ठेवली. "ह्या अळ्या बिमारीनं नाई मेल्या," त्या म्हणाल्या. "पान म्या आणलं. त्याच्यावर फवारा उडला होता. मले वास येत नाई, पण म्या कोणाले सांगितलं नाई."

कुणीतरी रडायला लागलं. अपेक्षा रडली नाही. "माह्या आबाले काऊन नाई इचारलं?" एवढंच म्हणाली, आणि पाठ करून बसली.

 दुसऱ्याच्या झाडाचं पान विचारल्याशिवाय तोडायचं नाही, हे मुलांना मीराबाईंनीच शिकवलेलं.

संध्याकाळी किसनराव आले. आता हे काय काय सुनावणार, म्हणून मीराबाईंनी मनाची तयारी केली. पण म्हाताऱ्याचाच चेहरा पडलेला होता. कपाशीवर फवारलं तेव्हा वारा धुऱ्याकडे होता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नात त्यांच्या ताटात जेवायला बसली नव्हती.

दोन दिवस अपेक्षाने बाईंकडे पाहिलं नाही. खिचडी घ्यायची, ती शकुबाईच्या हातून. गावातल्या भल्याभल्यांची बोलणी मीराबाईंनी हसून झेलली होती, पण पाच वर्षांच्या पोरीची पाठ त्यांना झेपेना. 

तिसऱ्या दिवशी अपेक्षा सगळ्यांच्या आधी आली. फ्रॉकच्या ओच्यात लिंबाची पानं होती, घरच्या अंगणातली. आबाला विचारून आणली होती. उरलेल्या दोन अळ्यांमध्ये तिचा ट्रॅक्टर नव्हता. तरी ती बरणीपाशी बसली, एकेक पान नाकाशी धरून हुंगलं, मग बाईंकडे दिलं. "हे चालते. टाका."

एकतीस वर्षं सेविका असलेल्या मीराबाई हात पुढे करून त्या पोरीच्या परवानगीची वाट बघत बसल्या होत्या. तिने होकार दिला की पान बरणीत जायचं. पुढे रोज हे असंच चाललं. बाईंना पान आणायची मनाई होती.

दोन्ही अळ्यांचे कोष झाले. एक तसाच वाळला. दुसरा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी उकलला. अंगणवाडीला सुट्टी, पण शकुबाईने निरोप धाडला, आणि मिरवणुकीला निघालेली मुलं आपापले लाकडी नंदी ओढत तशीच धावत आली. मीराबाईंनी मच्छरदाणी सोडली. काळंपिवळं फुलपाखरू बरणीच्या काठावर बसून पंख वाळवत राहिलं.  मग ते उठलं, शकुबाईच्या डोक्यावरून गेलं आणि अंगणात उतरलं.

अपेक्षा बाईंना चिकटून उभी होती. तिने वर पाहिलं. "माहा ट्रॅक्टर असाच उडला असता न?"

ट्रॅक्टरचाही कोष वाळला असता, असं खोटं बोलायला मीराबाईंना तेव्हाही जागा होती. "हो," त्या म्हणाल्या. "असाच."

अपेक्षाने थोडा विचार केला. मग आपल्या नंदीची दोरी बाईंच्या हातात दिली, धरा म्हणाली, आणि फुलपाखराच्या मागे धावत सुटली.