आईचं नाव नातीला

आम्ही सोनईजवळचे ख्रिस्ती. बाप्तिस्मा चर्चमध्ये होतो, पण त्याआधी घरी पाळणा बांधून बारसं करतोच, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. भावाला मुलगी झाली तेव्हा तो मान माझ्याकडे आला, आणि पाठोपाठ भांडणही.

आईला नातीसाठी स्वतःचंच नाव हवं होतं, डोलोरेस. वडील गेल्यापासून तिला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. 'घरात ते नाव परत ऐकू यावं, बास,' एवढंच तिचं मागणं.

भावजय नागापूरला कारखान्यात नोकरीला. तिनं मोबाईलवर अर्थ शोधला. 'ताई, याचा अर्थ दुःखं. तीही एक नाही, पुष्कळ! लेकीच्या मागे जन्मभर हे कशाला लावायचं?' तिचं काही चुकत नव्हतं. भाऊ नेहमीप्रमाणे दोघींकडे बघून मान हलवून मोकळा झाला.

मग मीही थोडं वाचलं. स्पेनमध्ये लेकीला थेट मारियामातेचं नाव ठेवायला लोक कचरायचे, म्हणे. त्यापेक्षा तिची बिरुदं ठेवायचे. दुःखांची माता, त्यातलंच हे डोलोरेस. ते आमच्या गावात कसं पोचलं, हे मात्र आईनंच बारशाच्या दिवशी पाळण्याला फुलं बांधताना सांगितलं.

'माज्या आधीची भावंडं जगली न्हाईत. असं झालं की आमच्या आळीत पोराचं नाव दगडू, धोंडू ठिवायचे, म्हंजी मरान त्याच्याकडं फिरकत न्हाई. माज्या आईनंबी धोंडीच ठरवलं हुतं. फादर म्हनले, बाप्तिस्म्याला असलं न्हाई चालायचं. मंग दवाखान्यातली स्पेनची सिस्टर म्हनली, आमच्याकडं दुःखाचं नाव हाय, ते ठिवा. आईला लई पटलं. दुःख नावातच बसलं, मंग घरात कशाला येतंय?'

मी चाट पडले. म्हणजे आमची डोलोरेस मुळात धोंडीच! भावजयीचा चेहरा उतरला. 'आई, मला हे माहीत नव्हतं,' ती म्हणाली. 'तुमचंच नाव ठेवू या.'

बायका जमल्या. मी पाळण्यात वाकले, नाव अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं.

'नको गं. माज्या आधीची गेली म्हनून माजं नाव तसं. हिच्या आधी कुनी गेलं न्हाई. हिला कशाला?'

मला तिचा रागच आला. इतके दिवस भांडून मिळालेलं असं सोडतात का? पण तिनं हात सोडला नाही. मग भावजयीनं निवडलेलं नाव मी बाळाच्या कानात सांगितलं. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. त्या नावानं नातीला पहिली हाक आईनंच मारली.